रॉबर्ट फिट्झवॉल्टरच्या चांदीच्या मोहरेची प्रतिकृती करवून घ्यायची असेल तर

ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात एक गोल चांदीची मोहर आहे, म्हणजे मेणावर दाबून ठसा उठवायचा शिक्का, सात सेंटीमीटरच्या थोडी वर व्यास, आणि ती आहे रॉबर्ट फिट्झवॉल्टर या इंग्लिश सरदाराची. १२१५ मध्ये जॉन राजाच्या विरोधात जे सरदार उभे राहिले त्यांचा हा पुढारी. त्याच्या आठवणीसाठी या मोहरेची चांदीतली प्रतिकृती करून घ्यावी असं इतिहासवेड्या लोकांना वाटतं, संस्थांना वाटतं, कुणाला मॅग्ना कार्टा, म्हणजे त्या बंडातून जॉनकडून मिळालेली हक्कांची सनद, शिकवणाऱ्या शिक्षकाला भेट द्यायची असते. कल्पना छानच आहे, पण बहुतेक वेळा हातात येते ती एक चकचकीत तबकडी, जिच्यावर घोडा आहे, स्वार आहे, अक्षरं सरळ वाचता येतात, आणि मेणावर दाबली तर ठसा उलटा उठतो. म्हणजे मोहरच नाही ती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, की पैसे घालायचेच आहेत तर अशी वस्तू बनवा जी मेणावर दाबली की आठशे वर्षांपूर्वी उठायचा तसा ठसा उठेल.

आधी माणूस समजून घ्या, कारण तो समजला नाही तर मोहरेवरचं अर्धं चित्र नुसती नक्षी वाटतं. फिट्झवॉल्टर म्हणजे एसेक्समधल्या लिटल डनमोचा धनी, लंडनमध्ये बेनर्ड्स कॅसल त्याचा. १२०३ मध्ये नॉर्मंडीतला व्होद्रय किल्ला त्याच्या आणि सेअर द क्विन्सी या दुसऱ्या सरदाराच्या ताब्यात होता आणि दोघांनी तो फ्रान्सच्या फिलिप राजाला लढाई न करता देऊन टाकला. १२१२ मध्ये जॉनच्या विरुद्धच्या कटात नाव आलं तेव्हा हा फ्रान्सला पळाला, जॉनने त्याचा बेनर्ड्स कॅसल पाडून टाकला, मग पोपशी जॉनचा समेट झाल्यावर १२१३ मध्ये हा परत आला. १२१५ मध्ये बंडखोर सरदारांनी त्याला म्होरक्या केलं आणि त्याने पदवी घेतली ती 'देवाच्या आणि पवित्र चर्चच्या सैन्याचा मार्शल'. पदवीवरूनच माणसाची झेप कळते. जूनमध्ये रनीमीडला मॅग्ना कार्टा झाला, पण तेवढ्यावर थांबला नाही, जॉनने शब्द फिरवल्यावर फ्रान्सच्या युवराज लुईला इंग्लंडची गादी देऊ करायला गेलेल्यांमध्ये हा होता, आणि त्याच्याबरोबर परत तोच सेअर द क्विन्सी. २० मे १२१७ ला लिंकनच्या लढाईत दोघंही पकडले गेले. १२१९ मध्ये धर्मयुद्धासाठी इजिप्तमध्ये दामिएत्ताला गेले, क्विन्सी तिथेच वारला, फिट्झवॉल्टर परतला आणि १२३५ मध्ये मेला, डनमोच्या मठात पुरलाय.

आता मोहर बघा. घोडा दौडतोय, वर पूर्ण चिलखतातला स्वार, तलवार उगारलेली, ढालीवर आणि घोड्याच्या झुलीवर फिट्झवॉल्टर घराण्याचं चिन्ह, म्हणजे मधे आडवी पट्टी आणि तिच्या वर-खाली एकेक उलटा व्ही. घोड्याच्या पायाखाली ड्रॅगन. आणि घोड्याच्या पुढे मोकळ्या जागेत एक वेगळीच ढाल, तिच्यावर पत्त्यातल्या चौकटसारखे पण मधून पोकळ असे सात आकार. ही ढाल सेअर द क्विन्सीची! स्वतःच्या मोहरेवर मित्राचं चिन्ह, आणि क्विन्सीच्या मोहरेवर फिट्झवॉल्टरचं. किल्ला एकत्र सोडला, बंड एकत्र केलं, कैद एकत्र भोगली, त्या दोस्तीचा पुरावा त्या छोट्या ढालीत आहे. मोहरेचा काळही १२१९ च्या आधीचा धरतात तो याच ढालीमुळे, कारण त्या साली क्विन्सी गेला. स्वस्तातल्या प्रतिकृतीत जागा भरायला किंवा सोपं करायला सगळ्यात आधी काय उडवतात तर ही ढाल, किंवा तिच्या जागी नुसतं फूल टाकतात. तसं डिझाइन समोर आलं तर सरळ नाही म्हणा, बाकी कितीही सुंदर असो.

कारागिराशी बोलायच्या आधी एक ठरवा, मोहर हवी की ठसा हवा. मोहर म्हणजे दाबायची वस्तू, तिच्यावर सगळं खोलगट आणि उलटं कोरलेलं. ठसा म्हणजे मेणावर जे उठून आलं ते, उठावाचं आणि सुलटं. भिंतीवर किंवा शोकेसमध्ये ठेवायला ठशाचं चांदीतलं पदक सुद्धा चालतं, त्यात काही चूक नाही, फक्त त्याला 'मोहरेची प्रतिकृती' म्हणू नका, 'मोहरेच्या ठशाची प्रतिकृती' म्हणा. माझं मत विचाराल तर मोहरच करा, आणि तिच्यातून काढलेला मेणाचा ठसा शेजारी ठेवा. त्याशिवाय बघणाऱ्याला ती वस्तू कशासाठी होती हे कळतच नाही.

मूळ चित्र कुठून घ्यायचं? म्युझियमच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये फोटो आहेत. ते फोटो विनाव्यावसायिक वापरासाठी मोकळे आहेत, नाव देऊन आणि त्याच अटींवर पुढे वापरता येतात, पण प्रतिकृती विकणार असाल, पन्नास नग काढून सभासदांकडून पैसे घेणार असाल तर ते व्यावसायिक झालं, मग म्युझियमकडून फोटोचं रीतसर लायसन्स घ्या. मोहर आठशे वर्षं जुनी, तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही, पण फोटोचा प्रश्न वेगळा असतो आणि लोक या दोन गोष्टी हमखास एकत्र करतात.

मॉडेल बनवताना काय होतं ते नीट वाचा, सगळी गंमत आणि सगळा घोळ इथेच आहे. हल्ली बहुतेक जण कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करतात, मग त्याची मेणासारख्या मटेरियलमध्ये प्रिंट काढतात आणि त्यावरून ओतकाम. फोटोतल्या उजेड-सावलीवरून आपोआप खोली काढणारी सॉफ्टवेअर असतात, ती इथे वापरू देऊ नका. चांदी चमकते, जिथे प्रकाश पडला तिथे सॉफ्टवेअरला उंच वाटतं, जिथे काळं पडलंय तिथे खोल वाटतं, आणि घोड्याची छाती जिथे सगळ्यात खोल हवी तिथे सपाट येते. माणसाने हाताने, डोळ्याने बघत मॉडेल केलं पाहिजे. सोपा रस्ता म्हणजे आधी ठसा बनवायचा, म्हणजे उठावाचं सुलटं चित्र, कारण आपला डोळा उठाव पटकन ओळखतो, गाल कुठे फुगलाय, मांडी कुठे वळलीय, झुलीच्या चुण्या कुठे पडतात हे कळतं, आणि मग त्याचं उलटं करून मोहर काढायची.

उलटं करताना मात्र लक्ष ठेवा. हाताने केलेला ठसा प्लास्टरमध्ये दाबला तर उजवं-डावं आपोआप बदलतं आणि बरोबर मोहर मिळते. पण कॉम्प्युटरवर नुसती खोली उलटी केली, म्हणजे उंच ते खोल केलं, तर उजवं-डावं तसंच राहतं, अक्षरं सुलटी राहतात, आणि मेणावर दाबल्यावर सगळं उलटं. वर सांगितलेल्या बिघडलेल्या तबकड्या अशाच तयार होतात. खोली उलटी करा आणि आरशासारखं पण फिरवा, दोन्ही. तपासायला सोपी खूण सांगतो, तयार मोहरेकडे थेट बघितलं तर स्वार डावखुरा दिसला पाहिजे, तलवार डाव्या हातात. ठशात ती उजव्या हातात येते. आणि कडेची अक्षरं मोहरेवर आरशात बघितल्यासारखी दिसली पाहिजेत. तो मजकूर लॅटिन आहे, सिगिलम रोबेर्ती फिलिई वाल्तेरी, वॉल्टरचा मुलगा रॉबर्ट याची मोहर एवढंच, आधी छोटा क्रॉस. यूच्या जागी व्ही कोरलाय, तो तसाच ठेवा, कुणी 'स्पेलिंग दुरुस्त' करायला आलं तर करू देऊ नका.

कोरलेल्या भागाच्या भिंती किंचित उतरत्या हव्यात, आत वळलेल्या नकोत, नाहीतर मेण अडकतं आणि ठसा काढताना घोड्याचे पाय तुटतात. म्हणून चांदी ओतायच्या आधी मॉडेलवर एक टेस्ट करा, लहान मुलांची माती असते ना प्लास्टिसिन, तिचा गोळा घट्ट दाबा आणि सरळ वर उचला. ड्रॅगन, सातही चौकट आणि सगळी अक्षरं नीट उठली तरच पुढे जा. ही टेस्ट फुकट आहे, चांदी ओतल्यावरची दुरुस्ती फुकट नाही.

साइज मूळ मोहरेइतकीच ठेवा. लहान करून पेंडंट करायची टूम असते पण ७३ मिलिमीटरमध्ये जे अक्षर वाचता येतं ते अर्ध्यात भरून जातं. मेणापासून रबराचा साचा, त्यातून परत मेण, मग धातू, या प्रत्येक पायरीला वस्तू थोडी आकसते, तेव्हा मॉडेल तेवढं मोठं ठेवावं लागतं, प्रत्येक कारखान्याचं प्रमाण वेगळं असतं, ते विचारूनच मॉडेल फायनल करा. वजनाचा अंदाज सांगतो, ७३ मिलिमीटर व्यास आणि ५ मिलिमीटर जाडी धरली तर स्टर्लिंग चांदीत साधारण २१५ ग्रॅम भरते, म्हणजे जवळपास ७ ट्रॉय औंस, कोरलेला भाग वजा जाता थोडी कमी. ३ मिलिमीटर जाडीत १३० ग्रॅम. पण ३ मिलिमीटरमध्ये खोल कोरायला जागाच उरत नाही, ठसा चपटा येतो, तेव्हा चांदी वाचवायची तर दुसरीकडे वाचवा, इथे नको. कोटेशन मागताना चांदीचा त्या दिवसाचा भाव, घडणावळ, मॉडेलचा खर्च आणि हॉलमार्कची फी हे चारही वेगवेगळं लिहून घ्या, एकच आकडा दिला तर जाडी कुठे कमी केली ते कळत नाही.

चांदी कुठली? ९२५ ची स्टर्लिंग घ्या, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. ९९९ शुद्ध चांदी ऐकायला भारी वाटते पण मऊ असते, कडा लवकर झिजतात. स्टर्लिंगमध्ये तांबं असल्यामुळे तापवल्यावर लालसर-जांभळे डाग येऊ शकतात, चांगला कारागीर ते काढून देतो, पण डाग काढायच्या नावाखाली कोरलेल्या भागावर मशीनचं पॉलिश फिरवलं तर अक्षरांच्या कडा गोल होऊन जातात, म्हणून आधीच सांगून ठेवा की मशीन पॉलिश फक्त मागच्या बाजूला आणि काठाला. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली स्वस्त प्रतिकृती पण मिळते, जुन्या म्युझियमांनी १९ व्या शतकात विजेच्या पद्धतीने अशा पुष्कळ प्रती काढल्या होत्या आणि त्या उत्तम असायच्या, तेव्हा बजेट नसेल तर हा मार्ग वाईट नाही, फक्त मुलाम्याला मुलामाच म्हणा.

ब्रिटनमध्ये करवून घेत असाल तर हॉलमार्कचा कायदा लागू होतो, १९७३ चा. ७.७८ ग्रॅमपेक्षा जास्त वजनाची वस्तू चांदीची म्हणून विकायची तर हॉलमार्क लागतोच. त्यात बनवणाऱ्याचा किंवा पाठवणाऱ्याचा मार्क, शुद्धतेचा आकडा आणि तपासणी करणाऱ्या कार्यालयाचं (ॲसे ऑफिस) चिन्ह या तीन गोष्टी सक्तीच्या, लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफिल्डचं गुलाब, एडिंबराचा किल्ला. चालता सिंह (स्टर्लिंगची जुनी खूण) आणि सालाचं अक्षर हे ऐच्छिक आहे, पण स्मृतिवस्तू आहे तर दोन्ही मारून घ्या, पुढे शंभर वर्षांनी कुणाच्या हातात पडली तर साल लगेच कळेल. कुठे मारायचे ते तुम्ही सांगा: मागच्या बाजूला, समोर अजिबात नाही. ठोकून मारलेल्या मार्कने धातू पसरतो म्हणून शेवटच्या फिनिशिंगच्या आधी पाठवतात, किंवा लेझरने मार्क करून घ्या, त्याने पुढची बाजू हलत नाही. आणि मार्कच्या शेजारीच 'प्रतिकृती' हा शब्द आणि बनवल्याचं साल कोरून घ्या, कुणीतरी कधीतरी ती खरी म्हणून विकायला काढतंच.

काळेपणा द्यायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. मला विचाराल तर हलका द्या, खोलगट भागात थोडं काळं असलं की डोळ्याला चित्र दिसतं, नाहीतर सगळीकडे नुसती चमक. गंधक आणि पोटॅशियमचं जे द्रावण मिळतं (लिव्हर ऑफ सल्फर) ते कोमट पाण्यात पातळ करून वापरतात, वस्तू बुडवायची, रंग आला की लगेच धुवायची आणि वरचा भाग मऊ प्युमिस पावडरने घासायचा. हे खिडक्या उघड्या ठेवून करा आणि त्या द्रावणाजवळ कुठलंही ॲसिड आणू नका, विषारी वायू निघतो.

मेणाच्या ठशासाठी दुकानातली लाखेची कांडी वापरू नका. ती पाकिटं बंद करायला ठीक आहे, एवढ्या मोठ्या मोहरेला ती ठिसूळ पडते. त्या काळात मधमाशीचं मेण आणि राळ यांचं मिश्रण असायचं, दोन भाग मेण आणि एक भाग राळ असं घेतलं तर छान जमतं. रंगासाठी तेव्हा हिरव्याला तांब्याचा जंग आणि लाल रंगाला हिंगूळ घालायचे, दोन्ही विषारी, आपण साधा मेणबत्तीचा रंग घालू. भांड्यात पाणी आणि त्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट आचेवर नको. मग थंड होऊ द्या, कणकेसारखं मऊ झालं की जाड चकती करा, मोहर पाण्याने ओली करा म्हणजे चिकटत नाही, आणि मधून बाहेर असा दाब देत सरळ खाली दाबा. हलवू नका, फिरवू नका. पूर्ण गार झाल्यावरच उचला, घाई केली की तलवारीचं टोक मोहरेत राहून जातं. तेव्हाचे असे ठसे कागदावर चिकटवलेले नसायचे, चर्मपत्राच्या पट्टीवर किंवा दोरीवर लोंबते असायचे, पट्टी मेणाच्या मधून गेलेली. तसंच करायचं तर चकतीच्या दोन थरांत पट्टी ठेवून मग दाबा.

खाली पाटी लावणार असाल तर मजकूर जपून लिहा. 'मॅग्ना कार्टावर सही करणारा' असं लिहू नका, मॅग्ना कार्टावर कुणीच सही केली नाही, राजाची मोठी मोहर लागली. ८०० वर्षं झाली तेव्हा २०१५ मध्ये रॉयल मिंटने २ पौंडांचं नाणं काढलं त्यावर जॉनच्या हातात लेखणीचं पीस दाखवलं आणि इतिहासकारांनी चांगलंच सुनावलं होतं. 'मॅग्ना कार्टात नाव असलेला' हेही नको, राजा सनद पाळतो की नाही यावर लक्ष ठेवणाऱ्या २५ सरदारांची तरतूद १२१५ च्या मजकुरात आहे पण त्यांची नावं त्यात नाहीत, यादी दुसरीकडून कळते. जॉनने फिट्झवॉल्टरच्या मुलीचा, माटिल्डाचा छळ केला म्हणून तो उलटला ही कथा मागाहून पसरलेली, पाटीवर तिला जागा देऊ नका. '२५ सरदारांपैकी एक, बंडखोर सैन्याचा मार्शल, मृत्यू १२३५' एवढं पुरे. आणि त्याला लोकशाहीचा जनक वगैरे करू नका, माणूस स्वतःच्या हक्कांसाठी आणि सत्तेसाठी लढला, पण त्या लढाईतून जे उभं राहिलं ते त्याच्याहून मोठं निघालं, म्हणून तर आपण त्याची मोहर परत घडवतोय.

ठेवताना लोकर, रबर आणि वर्तमानपत्र यांच्यापासून लांब, तिन्हींमुळे चांदी काळी पडते, आणि ओकच्या लाकडाची पेटी तर नकोच. ॲसिड नसलेला टिश्यू पेपर, त्यावर सुती पिशवी. बुडवून चकचकीत करणारी लिक्विडं वापरू नका, दिलेला काळेपणा एका मिनिटात जातो. मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात दिला की बराच काळ बघावं लागत नाही. मेणाचा ठसा मात्र दिव्याखाली किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. शोकेसमध्ये दोन्ही शेजारी ठेवताना लाइट वरून न टाकता एका बाजूने तिरपा टाका, म्हणजे क्विन्सीच्या ढालीवरचे सातही चौकट लांबून मोजता येतात.